दुसऱ्याचं चिन्ह, आपलं पान

(मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या तोंडावर कायद्याचं व्याख्यान कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण विषय कोर्टातला असला तरी त्याची सुरुवात आपल्या घरात होते. उद्यमबागेत फौंड्री चालवणाऱ्याची वेबसाइट असते. निपाणीच्या व्यापाऱ्याची असते. घरी मसाले आणि लोणची करून विकणाऱ्या वहिनींनी मुलीकडून एखादं पान करून घेतलेलं असतं. नोकरीसाठी परदेशी गेलेला पुतण्या घराण्याची वंशावळ मांडतो, शाखा काढून देतो, कुलदैवताचा फोटो लावतो. आपल्या मंडळाचंही पान आहे आणि ही स्मरणिकाही आता छापण्याबरोबर त्या पानावर जाते.

अशा पानावर नुसता मजकूर ओका दिसतो, म्हणून चित्रं लागतात. संगणकावर शोधलं की कुठल्याही कंपनीचं बोधचिन्ह क्षणात समोर येतं. ते उचलून लावायला पैसे पडत नाहीत आणि कुणी अडवतही नाही. अडवलं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असा आपला समज होतो. तो समज कुठे बरोबर आहे आणि कुठे महाग पडू शकतो, एवढंच आज बोलायचं आहे.

मार्का म्हणजे काय

ट्रेडमार्क हा शब्द नवा वाटतो, पण त्यासाठी आपल्याकडे छाप, शिक्का, मार्का असे शब्द केव्हापासून आहेत. निपाणीच्या तंबाखूवर ज्यांचं बालपण गेलं, त्यांना बिडीच्या बंडलावरचं लेबल आठवत असेल. बिडी ओढणाऱ्या पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. ते दुकानदाराला नाव सांगत नसत, चित्र सांगत. त्या चित्रावरून त्यांना कळे की आतला माल कालच्यासारखाच आहे. मार्क्याचं काम एवढंच असतं. हा माल कुणाकडून आला, हे तो गिऱ्हाइकाला सांगतो. मार्क्याची चोरी होते तेव्हा खरं तर चित्र चोरीला जात नाही, त्यामागचा विश्वास जातो.

त्या विश्वासाची किंमत किती असते, याचं उदाहरण बिडीच्याच धंद्यात आहे. मंगळूरच्या गणेश बिडीचं नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. भागीदारांत बेबनाव झाला, फर्म विसर्जित झाली आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली चालता धंदा भागीदारांमध्येच लिलावाला निघाला. १९९४ मध्ये ९२ कोटी रुपयांची बोली लागली. बिडी वळायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही, सूप, कात्री आणि बायकांचे हात लागतात. मग एवढी किंमत कशाची? पुढे आयकराच्या वादात हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ च्या निकालात न्यायालयाने मान्य केलं की ट्रेडमार्क हेही धंद्याचं साधन आहे आणि यंत्रावर जसा घसारा मिळतो तसा त्यावरही मिळू शकतो.

बेळगावचं एक नाव

याहून जवळचं उदाहरण घेऊ. आपल्या गावात किर्लोस्कर रोड आहे. आपण रोज तिथून जातो. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये भावाबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव तिथलं. पुढे लोखंडी नांगर झाला, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि बेळगावातल्या एका दुकानावरचं आडनाव पंपांवर आणि इंजिनांवर देशभर गेलं.

आता आडनाव तर घरातल्या सगळ्यांचं असतं. मग ते धंद्याला लावायचा हक्क कुणाचा? १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे 'किर्लोस्कर डिझेल रिकॉन' या कंपनीचं प्रकरण आलं. समोर होती किर्लोस्कर उद्योगसमूहाचे ट्रेडमार्क सांभाळणारी किर्लोस्कर प्रोप्रायटरी ही कंपनी. आपलं नाव आपण लावतो, हा बचाव तिथे टिकला नाही. माणसाने प्रामाणिकपणे स्वतःचं नाव लावावं, याला कायद्यात जागा आहे. पण कंपनी काही आडनाव घेऊन जन्माला येत नाही. तिचं नाव कुणीतरी विचार करून ठेवलेलं असतं, आणि ते का ठेवलं हे न्यायालय विचारू शकतं.

हे उदाहरण मुद्दाम सांगितलं. आडनावाच्या बाबतीत जिथे इतकी काटेकोरी आहे, तिथे दुसऱ्याचं बोधचिन्ह आपल्या पानावर सहज लावता येईल असं धरून चालू नये.

कायदा काय विचारतो

आपल्याकडे आज ट्रेडमार्कचा १९९९ चा कायदा लागू आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याची कलमं इथे वाचत बसत नाही. पण त्यातून निघणारे तीन प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न: हा वापर धंद्यासाठी आहे का? ट्रेडमार्कचा भंग म्हणजे व्यापाराच्या ओघात केलेला वापर. पुतण्याने वंशावळीत लिहिलं की आजोबा तीस वर्षं अमुक कंपनीत कामाला होते, तर त्यात व्यापार नाही. कंपनीचं नाव घेणं हा गुन्हा नाही. एखाद्याने आपल्या पानावर लिहिलं की अमुक कंपनीचा मिक्सर सहा महिन्यांत बंद पडला, तर तेही तो लिहू शकतो, फक्त ते खरं असावं. नावावर हक्क असणं म्हणजे लोकांच्या तोंडावर हक्क असणं नव्हे.

या मुद्द्यावर २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एक महत्त्वाचं प्रकरण झालं. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका आहे, असं म्हणत ग्रीनपीस या संस्थेने इंटरनेटवर कासव विरुद्ध टाटा असा एक खेळ ठेवला. त्यात टाटांचं नाव आणि त्यांचं बोधचिन्ह वापरलं होतं. टाटा सन्सने दहा कोटींची भरपाई मागितली आणि खेळ तातडीने थांबवावा अशी विनंती केली. न्यायालयाने अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. ट्रेडमार्कचा वापर टीकेसाठी आणि विडंबनासाठी होत असेल, त्यातून माल विकला जात नसेल, तर मालकाच्या नाराजीवरून तोंड बंद करता येत नाही, असा त्याचा रोख होता.

पण इथे एक सावधगिरी हवी. टीकेला मिळालेली ही मोकळीक सजावटीला मिळत नाही. आपल्या दुकानाचं पान भारदस्त दिसावं म्हणून मोठ्या कंपनीचं चिन्ह लावणं म्हणजे टीका नव्हे.

दुसरा प्रश्न: बघणाऱ्याचा गैरसमज होईल का? म्हणजे हे दुकान त्या कंपनीचंच आहे, किंवा कंपनीने नेमलेलं आहे, असं त्याला वाटेल का? आपल्याकडे मोटारसायकल दुरुस्तीची पुष्कळ चांगली गॅरेजं आहेत. 'इथे अमुक कंपनीच्या गाड्या दुरुस्त होतात' असं साध्या अक्षरात लिहिलं तर ती माहिती झाली. कंपनीचं चिन्ह, कंपनीचेच रंग आणि कंपनीसारखीच पाटी लावली की ते गॅरेज अधिकृत सेवा केंद्र वाटू लागतं. पाटीला जो नियम, तोच वेबसाइटला.

वेबसाइटच्या पत्त्यालाही हाच न्याय. 'सिफी' या नावाने सेवा देणाऱ्या सत्यम इन्फोवेने, त्याच्याशी मिळतंजुळतं नाव पत्त्यात घेणाऱ्या दुसऱ्या कंपनीवर दावा लावला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेटवरचा पत्ता हा नुसता पत्ता राहिलेला नाही, तो धंद्याची ओळखही असतो, म्हणून त्यालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं. एखादं प्रसिद्ध नाव पत्त्यासाठी मोकळं दिसलं म्हणून घेऊन ठेवू आणि पुढे विकू, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

तिसरा प्रश्न: गरजेपेक्षा जास्त वापरलं का? उद्यमबागेतल्या मंडळींनी इकडे विशेष लक्ष द्यावं. सुटा भाग बनवणाऱ्याला तो कशाला बसतो हे सांगावंच लागतं, आणि कायदा ते सांगू देतो. पण सांगायची एक रीत असते. हॉकिन्स कुकरच्या रबरी रिंगांवरून दिल्ली उच्च न्यायालयात वाद गेला होता. रिंगा बनवणारा दुसरा होता आणि पाकिटावर लिहिलं होतं की या हॉकिन्सच्या कुकरला चालतात. एका न्यायाधीशांनी ते चालवून घेतलं. २०१२ मध्ये खंडपीठाने निकाल फिरवला. हॉकिन्स हा शब्द वेगळ्या लाल रंगात उठून दिसत होता, आणि ती रिंग इतर कुकरांनाही बसत होती, मग एकाच नावाची गरज काय, असा प्रश्न त्यात होता. धडा सोपा आहे. नाव लिहायचं तर आपल्या नावापेक्षा लहान, साध्या अक्षरात आणि तेवढ्यापुरतं. चिन्ह टाळायचं.

आता याच कारखानदारांच्या वेबसाइटवर हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे 'आमचे ग्राहक' म्हणून लावलेली मोठ्या कंपन्यांच्या चिन्हांची रांग. ते ग्राहक खरे असतात, त्यात खोटं काही नसतं. पण खरेदीच्या ऑर्डरमागे बारीक अक्षरात अटी छापलेल्या असतात. आमच्या लेखी संमतीशिवाय आमचं नाव किंवा चिन्ह जाहिरातीत वापरू नये, ही अट त्यात पुष्कळदा असते. म्हणजे इथे प्रश्न ट्रेडमार्कच्या कायद्याचा येण्याआधी तुम्ही स्वतः मान्य केलेल्या कराराचा येतो. एक ई-मेल पाठवून परवानगी मागितली तर बऱ्याचदा ती मिळते. न मागता लावलं आणि ते नेमकं ऑर्डर द्यायच्या वेळी त्यांच्या नजरेला आलं, तर नुकसान कोर्टात होत नाही, धंद्यात होतं.

आणखी एक लक्षात ठेवा. ट्रेडमार्कचा मालक आपल्या गावच्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. म्हणजे पान बेळगावात बसून केलं तरी तारखेला मुंबईला किंवा दिल्लीला जायची पाळी येऊ शकते.

जी चिन्हं बाजाराची नाहीत

आतापर्यंत कंपन्यांच्या चिन्हांबद्दल बोललो. पण काही नावं आणि चिन्हं अशी आहेत की ती कुठल्याच व्यापाऱ्याची नाहीत. त्यासाठी १९५० चा एक वेगळा कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावं यांचा गैरवापर रोखणारा. त्याच्या परिशिष्टात राष्ट्रध्वज आहे, संयुक्त राष्ट्रसंघाचं नाव आहे, महात्मा गांधींचं नाव आहे. आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे.

ते परिशिष्टात आल्यावर त्याचा फटका बसला तो बिडीच्याच एका मार्क्याला. पुण्याची साबळे वाघिरे कंपनी महाराजांच्या नावाने आणि चित्राने बिडी विकत होती. तो त्यांचा चालता मार्का होता. कंपनीने कायद्यालाच आव्हान दिलं. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि ते नाव बिडीवरून गेलं. कंपनीची बिडी संभाजी महाराजांच्या नावाने विकली जात राहिली, कारण ते नाव परिशिष्टात नव्हतं. कायद्याने त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं. पण लोकांना ते सलत होतं. आंदोलनं झाली आणि २०२० मध्ये कंपनीने नाव बदलायचं जाहीर केलं. पुढे ती 'साबळे बिडी' झाली.

मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, कायद्याची यादी कधीच पुरी नसते. दुसरी, यादीत नाही म्हणून एखादी गोष्ट शोभते असं होत नाही. एकाच पिढीत दोन नावं गेली, एक न्यायालयाच्या निकालाने आणि दुसरं लोकांच्या भावनेने.

आपल्या बाबतीत याचा अर्थ काय? सीमाभागातल्या मराठी घरात महाराजांचं चित्र दर्शनी भिंतीवर असतं, आणि वंशावळीच्या पानावर, शिवजयंतीच्या कार्यक्रमाच्या पानावर ते आदराने लावण्यात धंदा नाही, त्यामुळे हा कायदा तिथे येत नाही. पण त्याच चित्राखाली 'आमच्याकडे सर्व प्रकारचे मसाले मिळतील' असं लिहिलं की ते जाहिरातीत आलं. मूळ कायद्यात याला दंड अवघा पाचशे रुपये आहे. दंड लहान आहे म्हणून गोष्ट लहान होत नाही.

देवाच्या नावाबद्दलही लोक विचारतात. २०१५ मध्ये 'रामायण' या नावाने उदबत्त्या विकणाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. धर्मग्रंथाच्या नावावर एकट्याचा हक्क सांगता येणार नाही, असा निकाल झाला. गणपतीही तसाच सगळ्यांचा. मात्र गणपतीचा फोटो ज्याने काढला त्याचा असतो, चित्र ज्याने रंगवलं त्याचं असतं. दुसऱ्या मंडळाच्या मूर्तीचा सुंदर फोटो आपल्या पानावर लावण्याआधी तो काढणाऱ्याला विचारावं आणि खाली त्याचं नाव द्यावं. यात कायदाही सांभाळला जातो आणि माणुसकीही.

दोन चिन्हांचा उल्लेख करतो, कारण ती आपल्या घरांत सर्रास चुकीची वापरली जातात. पहिलं म्हणजे पांढऱ्यावर तांबडी फुली. डॉक्टरांची पाटी, औषधाचं दुकान, रुग्णवाहिका, सगळीकडे ती दिसते. ते वैद्यकीचं चिन्ह नाही. ते रेड क्रॉसचं चिन्ह आहे आणि युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांवर गोळी झाडू नये म्हणून ते राखून ठेवलेलं आहे. आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने त्याच्या परवानगीशिवायच्या वापराला मनाई आहे. ते गल्लोगल्ली दिसू लागलं तर रणांगणावर त्याचा अर्थ उरणार नाही. दुसरं म्हणजे चार सिंहांची राजमुद्रा. तिच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. निवृत्त झाल्यावर आपल्या पानावर किंवा व्हिजिटिंग कार्डावर ती राहू देणं बरोबर नाही.

तसंच आयएसआयचं चिन्ह, सोन्याचा हॉलमार्क आणि खाद्यपदार्थांवरचं एफएसएसएआयचं चिन्ह. ही सजावट नव्हे, ती साक्ष आहे. ज्या मालाला परवाना आहे त्याच मालाजवळ, परवान्याच्या क्रमांकासह ती लावायची. वहिनींनी लोणच्याच्या पानावर ते चिन्ह लावावं, जरूर लावावं, पण नोंदणी करून घेऊन.

कोल्हापुरी चपलेचा धडा

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगितलं तिथे येतो. इतका वेळ दुसऱ्यांच्या चिन्हांबद्दल बोललो. आपलंही एक चिन्ह आहे.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक उपदर्शन, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो, ते २०१८-१९ या वर्षात मिळालं. नाव कोल्हापुरी असलं तरी नोंदणी आठ जिल्ह्यांची आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार महाराष्ट्रातले आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार कर्नाटकातले. सीमा आखणाऱ्यांनी गावं वाटून घेतली, पण चप्पल वाटता आली नाही. अथणीत शिवलेली चप्पल कायद्याने तितकीच कोल्हापुरी आहे जितकी कोल्हापुरात शिवलेली. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं, हाताची शिलाई, कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे प्रकार, हे सगळं त्या नावामागे आहे. नोंदणीची मालकी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे मिळून आहे, महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर.

जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात अशाच चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं चामड्याची सँडल म्हटलं. आपल्याकडे संताप झाला. कंपनीने नंतर भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, ती जुलैत फेटाळली गेली. जीआयचे नोंदणीकृत मालक पुढे येऊ शकतात, तुमचा यात अधिकार काय, असं याचिकाकर्त्यांना विचारलं गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकर यांच्याशी करार केला. त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचे आणि जगभर साधारण आठशे युरोला एक जोड या भावाने विकायचे असं ठरलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जीआय नावाचं संरक्षण करतो. चपलेच्या आकारावर तो सहसा हक्क देत नाही. प्राडाने 'कोल्हापुरी' हे नाव वापरलंच नव्हतं, त्यामुळे कायद्याचा हात तिथवर पोचणं कठीण होतं. कंपनीला बोलणी करायला भाग पाडलं ते लोकांच्या रागाने. संभाजी बिडीच्या बाबतीत झालं तेच इथे झालं.

पण आता आपल्याकडे वळून बघू. प्राडाने नाव न घेता चप्पल घेतली. आपल्या बाजारात चप्पल न घेता नाव घेतलं जातं. यंत्रावर कापलेली, रेक्झिनची, कुठल्यातरी दूरच्या शहरातून आलेली पायताणं 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून आपल्या दुकानांत आणि आपल्याच लोकांच्या वेबसाइटवर विकली जातात. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर हा भंग प्राडाच्या कृतीपेक्षा उघड आहे, कारण नोंदलेलं नाव खोट्या मालाला लावलं आहे. मिलानच्या कंपनीवर आपण समाजमाध्यमांत तुटून पडलो. गल्लीतल्या दुकानाला मात्र आपण काही म्हणत नाही, कारण तिथे चप्पल स्वस्त मिळते. अथणीच्या कारागिराचं रोजचं नुकसान मिलानमध्ये होत नाही, ते इथे होतं.

म्हणून कुणी सूनबाई, कुणी नातू आपल्या पानावरून कोल्हापुरी चपला विकणार असतील, तर माल कुणाकडून घेतला ते लिहावं. कारागीर जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला आहे का ते विचारावं. २०१८ मध्ये सरकारने जीआयचं एक सामाईक बोधचिन्ह काढलं आहे, ते खऱ्या मालालाच लावावं. ट्रेडमार्क विकता येतो, जीआय विकता येत नाही. तो कायद्यानेच कुणाच्या नावावर करून देता येत नाही. तो त्या भागातल्या सगळ्या खऱ्या कारागिरांचा असतो, आणि राखायचा असतो तो सगळ्यांनी मिळून.

आपण काय करावं

शेवटी कामाच्या गोष्टी सांगतो. घरी गेल्यावर आपलं पान उघडून बघा.

दुसऱ्या कंपनीचं नाव सांगायची गरज असेल तर ते साध्या अक्षरात लिहा, चिन्ह लावू नका. चिन्ह लावायचंच असेल तर लेखी परवानगी घ्या. ई-मेल चालतो, पण तो जपून ठेवा. 'सर्व ट्रेडमार्क त्यांच्या मालकांचे' ही ओळ खाली लिहिली म्हणजे सगळं माफ होतं असं नाही. तिने गैरसमज थोडा कमी होतो, इतकंच.

स्मरणिकेच्या कार्यकर्त्यांना विनंती. जाहिरातदाराचं चिन्ह इंटरनेटवरून उचलू नका, त्याच्याकडूनच मागून घ्या आणि रंग किंवा आकार बदलू नका. देणगी देणाऱ्याने आपल्या जाहिरातीत दुसऱ्याच कुणाचं चिन्ह घातलं असेल तर एकदा विचारा. छापलं मंडळाने, तेव्हा विचारणाही मंडळाकडे होईल.

आपला स्वतःचा मार्का असेल तर तो नोंदवा. आधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तसं नाव कुणाचं आहे का ते फुकट शोधता येतं. एकट्या व्यक्तीसाठी किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला साडेचार हजार रुपये आहे. अर्ज मान्य होऊन जर्नलमध्ये छापला की चार महिने हरकतीसाठी असतात. नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण. आपल्याकडची गंमत अशी की निपाणीचा अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडे जातो आणि पलीकडे कागलचा मुंबईच्या. पण रजिस्टर देशाचं एकच आहे. निपाणीत नोंदलेला मार्का कागललाही चालतो आणि गुवाहाटीलाही.

नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' ही अक्षरं लावता येतात. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना तो लावणं कायद्याने दंडाला पात्र आहे. हौसेने तो लावलेल्या पाट्या मी बेळगावात बऱ्याच पाहिल्या आहेत.

आणि कधी नोटीस आलीच, तर घाबरू नका आणि ती टोपलीतही टाकू नका. पानाची प्रत काढून ठेवा, हरकत असलेलं चित्र काढून टाका आणि वकिलाकडून थोडक्यात उत्तर द्या. पुष्कळ वाद तिथेच मिटतात. नोटीस निव्वळ धमकावण्यासाठी असेल तर त्यावरही कायद्यात उपाय आहे. काही न करता वर्ष घालवलं की मग साधी गोष्ट अवघड होते.

आपण या भागात भाषेसाठी, पाटीवरच्या अक्षरांसाठी, गावाच्या नावासाठी किती पिढ्या झगडत आलो, ते इथे बसलेल्यांना सांगायची गरज नाही. नावाला किती मोल असतं हे सीमाभागातल्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असेल? तेव्हा दुसऱ्याच्या नावाचा मान आपण राखू, आणि कोल्हापुरी चप्पल असो की वहिनींचा मसाला, आपल्या नावाचाही राखून घेऊ.